एकदाच लिहा, हवे तिथे दाखवा

परीक्षा तोंडावर आल्या की विद्यार्थी ग्रंथालयाच्या वेबसाइटवर एक साधी गोष्ट शोधतो: अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते? मुखपृष्ठावर त्याला ‘सकाळी ८ ते रात्री १०’ असे दिसते. ‘नियम व सेवा’ या पानावर ‘रात्री ८ पर्यंत’ असते. वरच्या सरकत्या पट्टीत एक सूचना लाल अक्षरांत लुकलुकत असते. ती उघडली की तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ निघते. तीत ‘२४ तास’ असे लिहिलेले असते, पण ते दोन वर्षांपूर्वीच्या परीक्षेपुरते. संपर्काच्या पानावर वेळ नाही, फक्त फोन नंबर आहे आणि तो कोणी उचलत नाही. शेवटी तो व्हॉट्सॲपवर मित्रालाच विचारतो.

यात कामचुकारपणा कोणाचाच नाही. प्रत्येक वेळ ज्या दिवशी लिहिली गेली त्या दिवशी बरोबरच होती. घोळ एवढाच, की एक माहिती तीन जागी तीन वेळा लिहिली गेली आणि पुढे बदल करताना ज्याच्या हाताला जे पान लागले तेवढेच त्याने बदलले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची वेबसाइट सांभाळणे म्हणजे मुख्यतः हा घोळ होऊ न देणे. त्यासाठीचे साधन म्हणजे कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम, रोजच्या बोलण्यात सीएमएस. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल ही त्यातली ओळखीची नावे. ‘सीएमएस घेतले की वेबसाइट कोणालाही बदलता येते’ एवढीच त्याची ओळख बहुधा करून दिली जाते. ती अर्धवट आहे, कारण कोणालाही कुठेही बदल करता येणे हे तर वरच्या घोळाचेच एक कारण आहे. सीएमएसचे खरे काम निराळे आहे आणि ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाला ते पटकन उमगावे असे आहे.

पानाकडून नोंदीकडे

नव्वदीच्या दशकात वेबपान म्हणजे एचटीएमएलची एक फाइल असे. मजकूर, अक्षरांचा रंग, डावीकडचा मेन्यू, तळाचा पत्ता असे सगळे त्या एकाच फाइलीत कालवलेले. फोन नंबर बदलला की प्रत्येक पान उघडून तो बदलायचा आणि फाइल पुन्हा सर्व्हरवर चढवायची. हे जमणारा माणूस बहुधा एकच असे. तो रजेवर गेला की वेबसाइटही रजेवर.

नंतर चित्र पालटले. बेल्जियममधल्या अँटवर्पला शिकत असताना ड्रीस बायटार्ट याने वसतिगृहातल्या मित्रांसाठी एक छोटा निरोपफलक तयार केला होता. त्यातूनच जानेवारी २००१ मध्ये ड्रुपल सर्वांसाठी खुले झाले. वर्डप्रेस मे २००३ मध्ये आले, जूमला २००५ मध्ये. तिन्ही मुक्त स्रोत आहेत. वापरायला परवाना शुल्क नाही आणि आतला कोड पाहता येतो, बदलताही येतो. तिन्हींची मूळ कल्पनाही एकच. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, तो दिसावा कसा हे ‘थीम’ ठरवते आणि वाचकाने पान मागितले की दोन्ही जुळवून पान तयार होते. म्हणजे सर्व्हरवर जपून ठेवलेल्या असतात त्या नोंदी. पान हे त्या नोंदींचे त्या घडीचे रूप असते.

लाकडी कप्प्यांतली कार्डतालिका ज्यांनी हाताळली आहे त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. एका पुस्तकाची मुख्य नोंद एक आणि तिच्या आधारे सहलेखक, शीर्षक, विषय, मालिका अशा अतिरिक्त नोंदींची कार्डे. वाचक कोणत्याही कप्प्यातून आला तरी पोहोचतो त्याच पुस्तकापाशी. फरक इतकाच, की ती कार्डे माणसाला एकेक करून टंकित करावी लागत आणि मुख्य नोंद दुरुस्त केली की बाकीची शोधून दुरुस्त करावी लागत. सीएमएसमध्ये मुख्य नोंद तेवढी माणसाने करायची. अतिरिक्त नोंदी यंत्र स्वतः मांडते.

एक दार, आत चार यंत्रे

वाचकाला ‘लायब्ररीची वेबसाइट’ एकच दिसते. आत मात्र निदान चार वेगळी यंत्रे चालू असतात. पुस्तकांची तालिका, म्हणजे ओपॅक, कोहा किंवा सोल यांसारख्या ग्रंथालय प्रणालीतून येते. कोहा न्यूझीलंडमध्ये जन्मलेली मुक्त प्रणाली, तर सोल गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची. प्रबंध आणि संशोधन साहित्य संस्थेच्या रिपॉझिटरीत किंवा ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या भांडारात असते; शोधगंगा डीस्पेस या प्रणालीवर चालते. नियतकालिके प्रकाशकांच्या आपापल्या सर्व्हरवर असतात; तिथे घरून शिरायचे तर प्रॉक्सी किंवा इन्फेडसारखी ओळख पटवणारी व्यवस्था मध्ये लागते. उरलेले सारे, म्हणजे वेळा, नियम, सेवा, सूचना, मार्गदर्शिका आणि या तिन्ही यंत्रांकडे नेणाऱ्या वाटा, सीएमएसचे.

ही हद्द आखून घेतली नाही तर काम दुप्पट होते. ‘नवीन आलेली पुस्तके’ हे पान दर महिन्याला एक्सेलवरून चिकटवणारी ग्रंथालये आहेत. ती पुस्तके ओपॅकमध्ये आधीच नोंदलेली असतात. तिथून आपोआप निघणारी यादी सीएमएसमध्ये बसवता येते. जी माहिती दुसऱ्या यंत्रात जन्मते तिची नक्कल सीएमएसमध्ये करू नये, दुवा द्यावा किंवा ती तिथूनच ओढून घ्यावी. हा नियम पाळला तर निम्मी पाने लिहावीच लागत नाहीत.

एका नोंदीच्या पोटात

ई-संसाधनांची यादी हे ग्रंथालयाच्या वेबसाइटचे सर्वांत वर्दळीचे आणि सर्वांत लवकर शिळे होणारे पान. ते दोन तऱ्हांनी करता येते. एक: कोरे पान उघडून वर्डमधले कोष्टक जसेच्या तसे चिकटवायचे. बहुतेक ठिकाणी हेच होते. दिसायला पान तयार होते, पण यंत्राच्या लेखी तो अक्षरांचा एक ढीग असतो.

दुसरी तऱ्हा अशी. ड्रुपलमध्ये आधी ‘ई-संसाधन’ नावाचा एक मजकूर-प्रकार तयार करायचा आणि त्याला रकाने द्यायचे: नाव, प्रकाशक, दुवा, दोन ओळींची ओळख, विषय, साहित्याचा प्रकार, प्रवेश कोणाला, वर्गणी कधी संपते, सांभाळणारा कर्मचारी कोण. शेवटचे दोन रकाने वाचकाला दिसत नाहीत, ते कार्यालयासाठी. आता प्रत्येक संसाधनाची नोंद एकदाच भरायची. ‘व्ह्यूज’ या सोयीने त्याच नोंदींतून वर्णानुक्रमे यादी निघते, रसायनशास्त्र विभागाच्या पानावर फक्त रसायनशास्त्राची यादी निघते, ‘घरून वापरता येणारी संसाधने’ असे पान निघते आणि ‘येत्या ६० दिवसांत वर्गणी संपणारी’ अशी एक यादी फक्त ग्रंथपालांपुरती निघते. दुवा बदलला तर एका रकान्यात बदलायचा. सगळीकडे तो बदललेला दिसतो.

अशा रचनेची कसोटी २०२५ च्या सुरुवातीला लागली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना खुली करण्याची ही योजना; तीन वर्षांसाठी तरतूद ६,००० कोटी रुपयांची. ज्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवर वर्गणीची यादी कोष्टक म्हणून चिकटवलेली असेल, त्याला अशा वेळी प्रत्येक विभागाचे पान हाताने धुंडाळावे लागते. जिथे नोंदी आहेत तिथे प्रकाशकाच्या नोंदीतला ‘प्रवेश’ हा रकाना बदलला की भागते. १३,००० नियतकालिकांची नावे सीएमएसमध्ये टंकत बसणे मात्र शहाणपणाचे नाही. नियतकालिकवार शोध हे त्यासाठीच्या वेगळ्या यंत्राचे काम.

‘विषय’, ‘प्रकार’, ‘प्रवेश’ असे वेगवेगळे रकाने का, असे कोणी विचारले तर उत्तर शि. रा. रंगनाथन यांच्याकडे आहे. ड्युई यांची १८७६ ची पद्धत पुस्तकाला वर्गांच्या तयार उतरंडीतली एक जागा देते; फळीवर पुस्तक एकाच जागी उभे राहू शकते, त्यामुळे ते सोयीचेही होते. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि तयार खण शोधण्याऐवजी विषयाचे पैलू सुटे करून मग जोडायला शिकवले. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल हे त्यांचे पाच मूलभूत पैलू. ड्रुपलची ‘टॅक्सॉनॉमी’ नेमकी याच रीतीने वापरायची असते: प्रत्येक पैलूची स्वतंत्र शब्दसूची आणि नोंदीला प्रत्येक सूचीतले योग्य ते शब्द.

हे विसरले की काय होते ते मेन्यूत दिसते. ‘विज्ञान’, ‘ई-पुस्तके’, ‘पीएचडी विद्यार्थ्यांसाठी’ ही तीन बटणे शेजारी शेजारी असतात. एक विषयावरून, दुसरे प्रकारावरून, तिसरे वाचकावरून. भौतिकशास्त्राचे ई-पुस्तक शोधणाऱ्या संशोधकाने कुठे टिचकी मारायची? एका ओळीत एकाच निकषाने विभागणी करावी हा वर्गीकरणाचा पहिल्या वर्षाचा धडा, पण मेन्यू ठरवायला बसताना तो आठवत नाही. तसेच ‘देवघेव विभाग’, ‘नियतकालिक विभाग’ ही आपल्या कार्यालयाची रचना झाली. वाचकाला पुस्तकाची मुदत वाढवायची असते, एक लेख हवा असतो, प्रबंध जमा करायचा असतो. मेन्यूत ही कामे दिसली पाहिजेत. पाचसहा विद्यार्थ्यांना बोलावून एकेक काम द्यावे आणि ते कुठे अडखळतात ते न बोलता पाहावे. तासाभरात जे कळते ते समितीच्या चार बैठकांत कळत नाही.

कोण लिहील, कोण पाहील

पासवर्ड एकच आणि तो सर्वांना ठाऊक, ही पुष्कळ ठिकाणची रीत. सीएमएसमध्ये प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवता येते आणि अधिकारही वेगळे देता येतात. नियतकालिक विभागातला सहायक ई-संसाधनांच्या नोंदी भरेल, पण मुखपृष्ठाला हात लावू शकणार नाही. नवा मजकूर आधी ‘मसुदा’ राहील, उपग्रंथपालांनी पाहिला की प्रसिद्ध होईल. प्रत्येक बदलाची आवृत्ती जतन होते. कोणी, केव्हा, काय बदलले ते दिसते आणि चूक झाली तर मागची आवृत्ती परत आणता येते. सूचनेला प्रसिद्धीची आणि उतरवण्याची तारीख लावून ठेवली की दिवाळीच्या सुट्टीची सूचना होळीपर्यंत लुकलुकत राहत नाही.

मात्र मसुदा मंजूर करणारा माणूस दोन आठवडे पाहतच नसेल, तर लोक आडवाट शोधतात आणि पीडीएफ थेट मुखपृष्ठावर येऊन बसते. त्यामुळे मंजुरी फक्त नियम, शुल्क आणि मुखपृष्ठ यांनाच ठेवावी. बाकी नोंदी ज्याच्या त्याच्यावर सोपवाव्यात.

मराठी मजकुराची खास दुखणी

मराठीतून मजकूर देणाऱ्या ग्रंथालयांपुढे आणखी काही प्रश्न असतात. जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला असतो. तो सीएमएसमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून मगच तो घ्यावा लागतो. स्कॅन केलेली परिपत्रके ही तर चित्रेच. त्यांतला शब्द शोधयंत्राला सापडत नाही आणि अंध विद्यार्थ्याच्या एनव्हीडीएसारख्या वाचक प्रणालीलाही वाचता येत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा झाल्यानंतर हा प्रश्न निव्वळ सौजन्याचा राहिलेला नाही. परिपत्रकाचा मजकूर पानावर अक्षरांत द्यावा, सहीची प्रत हवी तर सोबत जोडावी. फिकट करड्या अक्षरांची हौसही आवरावी: साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उठाव किमान ४.५ : १ असावा, असे वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात.

याहून बारीक गोष्ट ‘वऱ्हाड’ या शब्दात लपलेली आहे. त्यातला अर्धचंद्री र युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतो: खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त जोडून किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. नोंद एका रीतीने आणि शोध दुसऱ्या रीतीने टंकला की ‘काहीही सापडले नाही’. पुस्तक मात्र फळीवर असते. शोधाच्या आधी दोन्ही रूपे एकसारखी करून घेण्याची सोय बसवून घ्यावी लागते. मराठी न जाणणाऱ्या कंत्राटदाराच्या ध्यानात ती येणे कठीण, म्हणून मागणीपत्रातच ती लिहावी. मजकुराची भाषा मराठी आहे हेही पानाच्या कोडमध्ये नमूद करावे. त्यावरून उच्चार करणाऱ्या प्रणालीला योग्य आवाज निवडता येतो, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात.

दुवे तुटतात तेव्हा

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच चांगला पत्ता कधी बदलत नाही अशा आशयाचे टिपण लिहिले होते. तरीही नवी वेबसाइट केली की जुने पत्ते सर्रास मोडतात. शोधनिबंधांतल्या तळटिपा, विभागांची पाने, प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना पाठवलेले दुवे सगळे ‘४०४’ वर जाऊन आपटतात. उपाय कंटाळवाणा असला तरी अवघड नाही: जुन्या पत्त्यांची यादी काढायची आणि प्रत्येकाला नव्या पत्त्याकडे कायमचे वळवायचे. या वळणाचा संकेतांक ३०१. पानाच्या पत्त्यात वर्ष, विभागप्रमुखाचे नाव किंवा प्रणालीचे नाव घालू नये, कारण तिन्ही बदलतात. शोधगंगेवरच्या प्रबंधांना ‘हँडल’ क्रमांक असतो. सर्व्हर बदलला तरी तो क्रमांक टिकतो. म्हणून प्रबंधाचा दुवा देताना ब्राउझरमधला लांबलचक पत्ता न देता हँडल द्यावा.

रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार

सीएमएस फुकट मिळते; सांभाळणे फुकट नसते. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. लॉगिन न करताही कोणाला डेटाबेसमध्ये शिरता येईल अशी ती होती आणि दुरुस्तीही त्याच वेळी देण्यात आली. भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने सांगितले की, जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही त्यांनी आपल्या वेबसाइटमध्ये घुसखोरी झालीच असे धरून चालावे. सात तास म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. हल्ले यंत्रेच करत होती. समोर बँक आहे की ग्रंथालय हे ती पाहत नाहीत. ‘आमच्या वेबसाइटवर चोरण्यासारखे काय आहे?’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो. सर्व्हर हाच ऐवज असतो. त्यावरून जुगाराच्या जाहिराती आणि फसवे ईमेल पाठवता येतात.

तेच ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आले आणि ५ जानेवारी २०२५ ला त्याचा अधिकृत आधार संपला. चौदा वर्षे. आठव्या आवृत्तीपासून ड्रुपलची अंतर्रचनाच बदलली, त्यामुळे सातवरून पुढे जाणे म्हणजे जवळपास नवी वेबसाइट बांधणे. एकदाची निविदा काढली की झाले, असे मानणाऱ्या संस्था अशा वळणावर अडकतात. उद्घाटनाला खर्च असतो, दुरुस्तीला नसतो. नव्याचे नऊ दिवस सरले की पुढची सारी वर्षे देखभालीचीच असतात. म्हणून वार्षिक देखभाल करारात ‘सुरक्षा दुरुस्ती किती तासांत बसवणार’ हे आकड्यात लिहून घ्यावे. प्रशासकाचे खाते आणि डेटाबेसची प्रत ग्रंथालयाच्या ताब्यात असावी. बॅकअपवरून वेबसाइट खरोखर उभी करून वर्षातून एकदा पाहावी. न तपासलेला बॅकअप वेळेला दगा देऊ शकतो. प्लगइन आणि मॉड्यूल यांची खोगीरभरती टाळावी, कारण प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी येते.

मग वर्डप्रेस घ्यावे की ड्रुपल? लहान महाविद्यालयात एकच ग्रंथपाल आणि पंचवीस-तीस पाने असतील तर वर्डप्रेस पुरते, आणि ते शिकायलाही सोपे. शेकडो ई-संसाधने, अनेक विभागांची ग्रंथालये, दोन भाषा आणि डझनभर लिहिणारे असतील तर ड्रुपलची शिस्त कामी येते. ती शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो. आपल्या संगणक केंद्रात जे सांभाळणारे कोणी आहे तेच निवडावे.

ग्रंथालयात साठा पडताळणी होते. हरवलेल्या, फाटलेल्या, कालबाह्य पुस्तकांची यादी होते आणि रीतसर निर्लेखन होते. वेबसाइटची पडताळणी त्याच्याच जोडीला, उन्हाळी सुट्टीत, करता येते. वर्षभरात हात न लागलेल्या पानांची यादी सीएमएस काढून देते, तुटलेल्या दुव्यांचीही देऊ शकते. प्रत्येक पानाला एक धनी आणि एक ‘शेवटची तपासणी’ तारीख असावी. धनी सापडत नसेल तर ते पान काढून टाकावे. हे काम ‘जमेल तेव्हा बघतो’ या सदरात राहिले तर कोणाचेच होत नाही. तालिकीकरण आणि देवघेव यांच्याप्रमाणे ते कामवाटपाच्या आदेशात नावानिशी आणि तासांनिशी यायला हवे. सुरुवात ई-संसाधनांच्या नोंदींपासून करावी, कारण त्यांच्यामागे वर्गणीचा पैसा असतो आणि न सापडलेल्या संसाधनावर तो दरवर्षी वाया जातो.